नवा हॉब आणि आपली जुनी अक्कल

गंगापूर रोडला नवीन फ्लॅट, मॉड्युलर किचन, त्यात चार बर्नरचा काळ्या काचेचा हॉब, म्हणजे ओट्यातच बसवलेली गॅसची शेगडी, अभिनंदन! वास्तुशांतीला येणाऱ्या बायका बाल्कनी सोडून आधी तोच बघणार, म्हणून सगळी मेहनत काचेवरच घ्या. खाली कपाटात काय चाललंय ते कोण बघतंय.

तिथे ती नारंगी नळी असते बघा. सुरक्षा नळी पाच वर्षांत बदलायची असते, पण सिडकोतल्या जुन्या घरातून आणलेली चांगली चालतेय की, भेग पडली तर सेलोटेप आहेच. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर सी-२८ असं काहीतरी रंगवलेलं असतं, म्हणजे जुलै ते सप्टेंबर २०२८ पर्यंत त्याची टेस्ट व्हायला हवी, ते वाचत बसू नका, गाडीवाला दादा घाईत असतो. आणि सुताराने ट्रॉलीला खाली जाळी ठेवली असेल तर झुरळं येतात म्हणून पुठ्ठा ठोकून टाका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खालीच साचतो, मग आपल्या पैशाचा गॅस आपल्याच कपाटात राहिला तर बिघडलं कुठे!

आता साफसफाई. रविवारी मिसळीचा रस्सा उतू जाणारच, तर्री काचेवर पसरणारच, तेव्हा काच गार होईपर्यंत थांबायला आपण काय रिकामटेकडे आहोत का, गरम काचेवरच गार पाण्याचा तांब्या ओता आणि वर तारेची घासणी फिरवा. टफन्ड असली तरी कधीतरी तडकतेच, आणि तडकली की चिरेवर थांबत नाही, सगळ्या ओट्यावर खडीसाखर. बर्नर धुतलेत तर ओलेच बसवा, टोपी थोडी तिरकी. भोकं बुजून ज्योत पिवळी झाली, कढईची बुडं काळी झाली की शेजारणीला सांगा, हल्ली गॅसच भेसळीचा येतो.

सोसायटीत पाइपचा गॅस आलाय? मग जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, बदलायचा खर्च वाचवा. पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं, एलपीजीच्या जेटवर ज्योत मिणमिणती राहील, पण वरणभात काय संध्याकाळपर्यंत होतोच.

थंडीत निफाडचा पारा पेपरात आला की खिडक्या गच्च लावा, एक्झॉस्ट बंद, आणि चारही बर्नर लावून किचनमध्येच शेकत बसा. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, त्यामुळे कुणाला त्रासही वाटणार नाही, झोप मात्र छान लागेल.

काही हॉबना ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा वॉल्व्ह असतो, त्यासाठी पेटवताना नॉब चार सेकंद दाबून धरावा लागतो. चार सेकंद! सकाळी डबे कोण भरणार मग? मेकॅनिकला बोलावून ती कटकट काढूनच टाका, दूध उतू जाऊन बर्नर विझला तरी गॅस सोडायला आपण आहोतच.

आणि कधी तो मुद्दाम मिसळलेला घाण वास आलाच तर रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडणं हे घाबरटांचं काम. आधी दिवा लावा, दिसायला नको का? एक्झॉस्टही लावा. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे वगैरे पोरखेळ, सरळ काडी ओढून बघा कुठून येतंय ते. गॅसगळतीच्या मदतीसाठी १९०६ ला फोन चोवीस तास लागतो म्हणे, पण तो बाहेर अंगणात जाऊन करायचा नसतो, हॉबपाशी उभं राहूनच करा, रेंज तिथेच चांगली येते.