स्वस्त म्हणजे नक्कल नव्हे

‘केल-टेक या अमेरिकी कंपनीची आरडीबी रायफल म्हणजे इस्रायली टेव्होर रायफलची स्वस्तातली नक्कल’ असं एक वाक्य सध्या फिरतंय. चूक आहे ते.

दोन्ही बुलपप, म्हणजे मॅगझिन (काडतुसांची पेटी) चापाच्या मागे. त्यामुळे नळी पुरेशी लांब ठेवूनही रायफल आखूड होते. साम्य जवळपास इथेच संपतं. टेव्होरचं एक्स९५ हे मॉडेल झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाजूला फेकतं. डावखुऱ्याने रायफल तशीच खांद्याला लावली, तर पुंगळी बाहेर पडायची खिडकी नेमकी गालापाशी येते. मग डाव्या हाताचा वेगळा बोल्ट (पुंगळी ओढून काढणारा आतला भाग) आणून बाजू बदलून घ्यावी लागते. फ्लोरिडात बनणारी आरडीबी पुंगळी मागे ओढून मॅगझिनच्या पाठीमागून सरळ खाली टाकते. डावा-उजवा प्रश्नच नाही. ही युक्ती टेव्होरमध्ये नाहीच, मग नक्कल कशाची?

आता उलट बाजू. ‘मग जास्तीचे पैसे फुकट’ हेही खरं नाही. टेव्होर घराणं इस्रायली सैन्याने वापरलेलं आहे, आपल्या नौदलाच्या मार्कोस कमांडोंकडेही टेव्होर दिसते. आरडीबीला असा लष्करी इतिहास नाही. शिवाय तिचा गॅस, म्हणजे रायफलची यंत्रणा चालवणारा दाब, काडतुसानुसार मालकानेच जुळवायचा असतो, आणि आळशी माणसाला तिथेच ती ‘अडकते’.

अमेरिकेतल्या डावखुऱ्या मित्राने विचारलं, तर मी आरडीबीच सांगेन. भारतात मात्र साध्या परवान्यावर दोन्ही मिळत नाहीत, तेव्हा ‘कुठे मिळेल’ असं मला विचारू नका.