बीड काय भावाने लावलं?

गेल्या रविवारी वागळे इस्टेटमधल्या एका भंगारवाल्याकडून मी एक जुना बेंच व्हाइस, म्हणजे टेबलाला बसवून लोखंड आवळून धरायचा शिकंजा, उचलला, रिक्षात पायाशी ठेवला आणि घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीपर्यंत आणला. इथवर सगळं सुरळीत. रिक्षावाल्याने सुद्धा एक्स्ट्रा मागितले नाहीत, ही खरं तर वेगळी बातमी व्हायला पाहिजे. जे काय झालं ते गेटच्या आत, आपल्याच लोकांत झालं.

आमच्या गेटवर अ‍ॅप आहे. वॉचमनच्या मोबाईलमध्ये जगातल्या सगळ्या गोष्टींचे चार प्रकार आहेत, गेस्ट, कॅब, डिलिव्हरी आणि मेड. मी आणि माझा गंजलेला व्हाइस यातल्या कशातच बसेना. 'सर ये क्या डालूं?' म्हटलं डिलिव्हरी डाल. तर कंपनी कौनसी. शेवटी त्याने सेक्रेटरींना फोन लावला, त्यांनी झोपेतून सांगितलं की लोखंडी सामान सर्व्हिस लिफ्टने, आणि सर्व्हिस लिफ्ट रविवारी बंद, कारण रविवारी इंटिरिअरची कामं बंद. मी म्हटलं हे इंटिरिअर नाहीये, मी विकत घेतलेली वस्तू आहे, माझ्या घरी चाललीये. तर म्हणे 'अहो लिफ्टची लादी नवीन आहे, सहकार्य करा.' सहकार्य हा शब्द आला की समजायचं विषय संपला. तर व्हाइस लॉबीत, सोफ्याच्या बाजूला, आणि मी त्याच्या राखणीला, कारण उचलून पाठच्या जिन्याने दहाव्या मजल्यावर न्यायचं वय आता राहिलं नाही.

आणि तिथे सातव्या मजल्यावरचे काका आले.

काका बँकेतून रिटायर झालेत. सकाळ-संध्याकाळ लॉबीत बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची किंमत काढतात, हा त्यांचा छंद, आणि त्याला मात्र सोसायटीची परवानगी लागत नाही. त्यांनी व्हाइसकडे बघितलं, चपलेच्या टोकाने हलवून बघितला, हलला नाही.

'बीड?' म्हणजे ओतीव लोखंड का, असं.

'हो काका, बीडच. पण जबड्यांच्या पट्ट्या पोलादी आहेत. जुना इंग्लिश व्हाइस आहे, रेकॉर्ड कंपनीचा, शेफील्डचा.'

'काय भावाने लावलं?'

'२,८०० ला घेतला.'

'किलोला?'

'नाही हो काका, सगळा.'

'ते कळलं. किलोला कितीने पडलं ते विचारतोय.'

आता मला सांगा, ह्याला काय उत्तर द्यायचं? मी त्यांना बसून समजावलं, म्हटलं काका हे बघा, ही ढाच्यातच ओतलेली अक्षरं, मेड इन इंग्लंड. इथे खाचेत अजून मूळचा निळा रंग दिसतोय, रेकॉर्डचा हाच निळा. हे नंबर ३ म्हणजे चार इंची जबडा. हँडल फिरवून बघा. स्क्रूचे आटे चौकोनी आहेत, आपल्या नेहमीच्या बोल्टसारखे टोकदार नाहीत, का तर दाब सरळ रेषेत जावा आणि आटे झिजू नयेत, आणि बघा इतक्या वर्षांनी पण आट्यात बोटभर सुद्धा खेळ नाही. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, मला वाटलं पोचलं.

'वजन केलंत?'

तेवढ्यात रद्दीवाला आला. हा माणूस रविवारीच येतो, आणि त्याला कुठल्या लिफ्टने जायचं हे कोणी विचारत नाही. काकांनी त्याला हाक मारली, 'अरे इकडे ये, काटा लाव जरा.' मी नको नको म्हणतोय आणि त्याने तो इलेक्ट्रॉनिक हूकवाला काटा काढून, सुतळीचा फास करून माझा व्हाइस लटकवला पण. एका बाजूने तो, एका बाजूने वॉचमन, मध्ये व्हाइस बळीच्या बोकडासारखा लोंबकळतोय आणि काका चष्मा वर करून आकडा वाचतायत.

'चौदा सहाशे.'

इथे मला राहवलं नाही. भंगारवाल्याच्या मोठ्या काट्यावर माझ्यासमोर १६ किलो ४०० भरला होता. म्हणजे वागळे इस्टेट ते घोडबंदर रोड ह्या प्रवासात बीड पावणेदोन किलो वाळलं का? की गेली कित्येक वर्षं आम्ही दर महिन्याला पेपर देतोय आणि हा प्रत्येक गठ्ठ्यामागे आमची वीकेंडची पुरवणी फुकट नेतोय? मी हे बोलून दाखवलं. रद्दीवाला म्हणाला, 'साहेब, काटा सरकारी आहे.' वॉचमन हसला. काकांना त्यात काही रस नव्हता, ते तोंडी भागाकार करत होते, आणि बँकेतला माणूस तोंडी भागाकार करत असताना मधे बोलायचं नसतं.

'एकशे एक्क्याण्णव रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे किलो,' असं ते मोठ्याने म्हणाले, आणि मग रद्दीवाल्याकडे वळून, 'बीड काय चाललंय?'

'तीस.'

'म्हणजे माल ४३८ चा. तुम्हाला बसवलं त्याने.'

एव्हाना लॉबीत माणसं जमली होती. पार्सल घ्यायला आलेला मुलगा, बॅडमिंटनवाले दोघे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, त्या म्हणाल्या, 'अय्या, शेवयांचं मशीन का? आमच्या सासूबाईंकडे होतं असं, टेबलाला लावायचं.' मी सांगितलं, शेवया नाही, व्हाइस, लोखंड धरून ठेवायला, कानस मारायला. 'हो का,' म्हणाल्या, 'पण शेवया पण होतील ना?'

मी काकांना गाठलं. म्हटलं काका, असं कसं, मग तुमचा मोबाईल काय भाव पडला किलोला? मला वाटलं गप्प होतील. तर काका म्हणाले, 'मोबाईलमध्ये थोडं सोनं असतं.' ह्या माणसाला कुठेच धरता येत नाही. वर समजावणीच्या सुरात म्हणाले, 'हिशोब साधा असतो हो. माल अधिक घडणावळ. मालाचे पैसे परत येतात, घडणावळ बुडीत. आमच्याकडे मी दागिन्यांपेक्षा वळंच घेत गेलो.' काकू बाजूलाच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी बघितला, त्यावर एक वेगळा लेख होईल.

पण मला राग आला तो इथे, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही. कारण ह्या व्हाइसमध्ये घडणावळ सोडून आहे काय? साच्यात बीड ओतलं, थंड केलं, घासलं, स्क्रूवर आटे पाडले, पट्ट्या कडक करून बसवल्या, त्या दातेरी ठेवल्या. ह्यातलं एकही काम किलोवर होत नाही. वागळे इस्टेटची तीच कथा. एमआयडीसी १९६२ ची, आणि तिची ही पहिली वसाहत. एकेकाळी ठाण्यात घराघरात कोणी ना कोणी फिटर, टर्नर, टूलरूमवाला असायचा. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये पोरांना सुरवातीला दुसरं काही शिकवत नाहीत, व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा धरायचा आणि कानस मारून मारून सपाट करायचा, हाताला फोड येईपर्यंत. मग शेडमधली कितीतरी युनिटं बंद पडली, तिथे काचेच्या बिल्डिंगा आणि आयटीची ऑफिसं उभी राहिली, आणि मशीनं, बेंच, व्हाइस सगळं ट्रकमध्ये भरून गेलं, किलोवर. त्या ट्रकपाशी पण असेच एखादे काका भागाकार करत उभे असणार. आता त्याच जागी एसीत बसून लोक कामाच्या ताणावर उपाय म्हणून मातीची भांडी करायच्या वर्कशॉपला जातात, रविवारी, पैसे भरून. त्यांना कोणी विचारत नाही, माती काय भाव.

असो. सोमवारी सर्व्हिस लिफ्ट सुरू झाली, 'मटेरियल शिफ्टिंग चार्ज' म्हणून १०० रुपयांची पावती फाडली आणि व्हाइस घरी आला. बायकोने फक्त 'अजून एक?' एवढंच विचारलं. त्यात प्रश्न कमी होता.

आता तो ड्राय बाल्कनीत बादलीत आहे. हे जुने व्हाइस गोळा करायचं वेड मूळचं तिकडचं, अमेरिकेतली माणसं घराबाजूच्या गॅरेजमध्ये भिंतीला लावून रांगेत ठेवतात, १९४१ साली शिकागोला सुरू झालेल्या विल्टन कंपनीचे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे व्हाइस पॉलिश करून फोटो टाकतात. त्यांच्याकडे गॅरेज, माझ्याकडे वॉशिंग मशीन आणि कपड्यांचा स्टँड यांच्यामधली दीड फूट जागा, ती पण बिल्डरने कार्पेटमध्ये धरलेली. पण गंज काढायला तेवढी पुरते. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवायचा, गाडीच्या बॅटरीचा बारा व्होल्टचा चार्जर घ्यायचा, निगेटिव्ह व्हाइसला, पॉझिटिव्ह एका फालतू लोखंडी पत्र्याला, आणि दोघांना एकमेकांना टेकू द्यायचं नाही. पत्रा स्टेनलेसचा घ्यायचा नाही हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, त्यातून क्रोमियमचं विषारी प्रकरण पाण्यात उतरतं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून खिडकी उघडी, आणि उदबत्ती लावू नका असं मी घरात सांगून ठेवलंय, ज्याला आईंचा विरोध आहे. दुसऱ्या दिवशी गंज काळा पडून ब्रशने सुटून येतो आणि खालची अक्षरं अशी वर येतात की माणूस बायकोला हाक मारून दाखवतो, आणि बायको येत नाही.

पट्ट्यांचे स्क्रू तेवढे सुटत नाहीयेत. डिझेल सोडलं, गरम करून बघितलं. हातोड्याने ठोकायचं नाही, बीड दिसायला राक्षस असतं पण ठोकलं की बिस्किटागत तुटतं, आणि मग जोडायचे नखरे वेगळे. मी हळूहळू, रबरी हातोडीने, दुपारी दोन ते चार सोडून टकटक करत होतो, तर ग्रुपवर मेसेज, 'कोणाच्या घरी काम चालू आहे? प्लीज नोट.' नवव्या मजल्यावर सव्वादोन महिने टाइल्स फोडत होते तेव्हा सगळे संत झाले होते.

आणि आता नवीन त्रास. परवा रद्दीवाल्याचा फोन. त्याला माझा नंबर कोणी दिला ते विचारायची गरज नाही. 'साहेब, तुमच्यासारखं एक आलंय, फोटो पाठवलाय.' फोटो उघडला. बीडाचं, टेबलाला लावायचं, हँडलवालं, खाली भोकांची जाळी. शेवयांचं मशीन.

मी म्हटलं अरे बाबा हे व्हाइस नाहीये. तो म्हणाला, 'पण जुनं आहे.' तेही खरं होतं. वहिनींची आठवण झाली म्हणून उगाच विचारलं, कितीला देणार?

'साहेब, ते काकांना विचारून सांगतो.'