पणजी पुरात गेली नाही

आज पुतण्याने एका अ‍ॅपवर तयार केलेली आमची वंशावळ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली आणि पणजीच्या नावापुढे 'जन्म 1 जानेवारी 1918, मृत्यू 26 जुलै 2005, त्या दिवशी मुंबईत 944 मिलिमीटर पाऊस' असे वाचून मला राहवले नाही. खाली लगेच हात जोडल्याच्या खुणा आणि 'पुरात गेल्या बिचाऱ्या'.

पणजी पुरात गेली नाही. 944 मिलिमीटर पाऊस सांताक्रूझला झाला. कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर नोंदला गेला. पणजी गिरगावच्या चाळीत, दुपारी, स्वतःच्या अंथरुणावर गेली, आणि गॅलरीतल्या दोरीवरचे तिचे लुगडे नुसते दमट होते. पाऊस तिच्या मुलाच्या वाट्याला आला. पासष्टीचे आजोबा कुर्ल्याहून रात्रभर रुळांवरून चालत निघाले आणि दुसऱ्या दिवशी उन्हे उतरताना, तुटलेली चप्पल हातात धरून दारात उभे राहिले. तोवर आम्ही तिला ठेवले होते. हे कोणत्या रकान्यात बसवणार?

आणि 1 जानेवारी! ती माण तालुक्यात मानमोडीच्या, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीच्या साली, दसऱ्याच्या आगेमागे जन्मली, हे घरातल्या प्रत्येकाने तिच्याच तोंडून ऐकले आहे. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती, ज्वारी करपली होती आणि जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेली इन्फ्लुएंझाची साथ आश्विनात गावोगाव माणसे नेत होती. देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्यांत बाराव्या दिवशी तिची आई गेली. आत्याने शेळीच्या दुधावर वाढवलेल्या या मुलीला गाव 'मानमोडीची पोर' म्हणत असे. जानेवारीचा जन्म लिहिला की ती साथीच्या आधीची ठरते आणि तिची आई नुसतीच कधीतरी वारलेली ठरते.

अ‍ॅपने त्या वर्षापुढे 'पहिले महायुद्ध समाप्त' असे दिले आहे. ते खोटे नाही, युद्धामुळे धान्य महागले होते हेही मान्य. पण 11 नोव्हेंबरला युद्ध थांबले तेव्हा त्या घरात सुतक फिटून महिनासुद्धा झाला नव्हता.

पुतण्यावर माझा राग नाही. एवढे तरी कोणी केले होते? मघाशी त्याचा फोन आला, 'काका, मग तारीख काय लिहू?' मी सांगितले, तारीख कोरी ठेव, 'आश्विन, मानमोडीचे साल' एवढेच लिही. आणि 26 जुलैपुढे आजोबांची ती चप्पल लिही.