खुलासा: नोटरीच्या कागदाने परदेशातला मामा पालक होत नाही

‘आई-वडील नसलेल्या मुलांचं कायदेशीर पालकत्व परदेशातल्या काका-मामाला द्यायला ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी पुरे’ हा मेसेज मंगळवारी मीच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. माफ करा.

आजोबांच्या सहीचा, लाल शिक्क्याचा असाच कागद घेऊन माझा मावसभाऊ भाचीसाठी वकिलांकडे गेला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा उघडून दाखवला. मूल राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात, कुटुंब न्यायालय असेल तर तिथे, अर्ज करावा लागतो. न्यायाधीश मुलाचं हित बघतात. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मतही विचारात घेतात. त्यातलं कलम २६ तर मला ठाऊकच नव्हतं: न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही परवानगीशिवाय मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. मग दुबई-कॅनडा दूरच.

हिंदू आई-वडील मृत्युपत्रात पालक नेमू शकतात, हे खरं. पण ते मृत्युपत्र. नातेवाइकांनी नंतर केलेलं प्रतिज्ञापत्र नव्हे.

दुःखातल्या घरात असा मेसेज पटकन खरा वाटतो. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.