आधी कागद मागा

गणपतीतली गोष्ट. मंडळाच्या पोरांची मारामारी झाली आणि पुतण्याला पोलिसांनी 'चौकशीला' म्हणून संध्याकाळी सातला घरातनं नेलं. त्या रात्री आम्ही सगळ्यांना फोन केले. नगरसेवक, तालमीचे वस्ताद, ओळखीचा हवालदार. वकिलाला एकही नाही. त्याची सल अजून जात नाही, म्हणून लिहितोय.

पोराला कुठल्या गुन्ह्यात धरलंय, हे विचारायला आम्ही घाबरलो. साहेब चिडले तर जास्त मारतील, असं वहिनी म्हणत होती. पण कारण सांगणं हे पोलिसांवर संविधानाच्या कलम 22 चं बंधन आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय की कारणं लेखी द्यायची, तीही आरोपीला कळेल अशा भाषेत. लगेच शक्य नसेल तर न्यायाधीशांपुढं उभं करण्याच्या किमान दोन तास आधी तरी.

आमच्या कागदावर अटकेची वेळ पडली दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची. मधली रात्र कुठं गेली? चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढं न्यायचं असतं (प्रवासाचा वेळ सोडून), म्हणून ही वेळच सगळ्यात महत्त्वाची. घरातनं नेल्याची वेळ, गाडीचा नंबर, सोबत कोण होतं, सगळं तिथल्या तिथं लिहून ठेवा. वकिलाला ते न्यायाधीशांपुढं मांडता येतं. अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. वाचल्याशिवाय ती करू नका.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. बहुतेक वेळा नोटीस देऊन बोलावतात. तशी नोटीस आली तर टाळू नका, हजर राहा.

मला सर्वात लागलं ते कोर्टातलं. न्यायाधीशांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? पाठीवर वळ असताना पोरगं 'नाही' म्हणालं. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनाही त्यानं काही दाखवलं नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की न्यायाधीश आणि डॉक्टर, या दोन ठिकाणी बोलायचंच असतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोल्हापुरात कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, मोफत कायदेशीर मदतीचा देशभरचा फोन 15100. चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्कही आहे, पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही एवढंच.

हायकोर्टासाठी आपण कोल्हापूरकर किती वर्षं भांडलो. ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच इथं सुरू झालं, मुंबईचा हेलपाटा वाचला, त्याचा मला अभिमान आहे. पण गरिबाच्या पोराची पहिली रात्र पोलीस ठाण्यातच जाते, आणि तिथं त्याच्या बाजूनं उभं राहणारं घरचं माणूसच असतं. आमच्या गल्लीत तरी यंदा मंडळाच्या फलकावर आरतीच्या वेळेखाली 15100 लिहायचं ठरलंय.