अबोली की मोरपंखी

नौपाड्यातल्या आमच्या घराची एकच खोली रंगवायची होती. दहा बाय बाराची. बायकोला मोरपंखी हवा होता, मला अबोली. शेडकार्डावर दोघेही नखाएवढे, गरीब दिसत होते. रंगारीमामा म्हणाले, "भांडू नका. दोन्हींच्या छोट्या डब्या आणा, भिंतीवर पट्टे मारून दाखवतो."

तिथेच घात झाला.

ओला मोरपंखी इतका फिका दिसला की बायकोचा चेहरा पडला. मी मनात पेढे वाटले. तासाभरात तो वाळला आणि भिंतीवर कुणी दौत उपडी केल्यासारखा गडद झाला. इमल्शन वाळल्यावर गडद होतं, हे मामांना ठाऊक होतं, पण त्यांनी आधी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा अबोली शिळ्या पिठल्यासारखा दिसायला लागला. समोरची इमारत रिडेव्हलपमेंटला गेलीय आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत हिरवी जाळी आहे. ऊन त्या जाळीवरून उसळून आमच्याकडे येतं. त्या उजेडात मोरपंखी नुसता तळपत होता.

"जाळी निघाली की अबोली खुलेल," मी म्हणालो.

"कधी निघेल?"

"दोनेक वर्षांत."

यावर ती काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

रात्री 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली अबोली बँडेजपट्टीसारखा दिसला. मी गुपचूप 2700 चा पिवळा दिवा आणून लावला. काय खुलला म्हणून सांगू! मोरपंखी मात्र पार काळा पडला. दिवसासुद्धा पडदे ओढून हाच दिवा लावायचा, असा प्रस्ताव मी मांडला. तो एक विरुद्ध एक असा फेटाळला गेला. (आमच्याकडे बरोबरीची मतं म्हणजे बायकोचा विजय.)

शेवटी आईला विचारलं. "एक बाळाचं झबलं, एक माझा शालू," ती म्हणाली, "भिंतीला कशाला रे कपडे?"

मामा दुसऱ्या कामावर निघून गेले. मे संपला, पट्टे तसेच राहिले. आमचा मजला सगळ्यात वरचा. जूनमध्ये दोन दिवस धो धो कोसळला आणि गच्चीतून झिरपलेली ओल बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये उतरली.

आईने चष्मा सारखा करून बराच वेळ भिंत न्याहाळली.

"हा मधला बरा आहे हो. मातकट. याची डबी कधी आणलीस?"