फ्लॉरेन्सच्या घुमटावर का चढायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फ्लॉरेन्सवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं, की सांता मारिया देल फिओरे, म्हणजे फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल (मुख्य चर्च), हे प्रार्थनास्थळ आहे, त्याच्या घुमटावर चढून शहर न्याहाळणं बरं दिसत नाही. तिकीट महाग, पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, त्यामुळे तुमच्या आईंना खाली चौकातच बसून राहावं लागलं. आणि एवढं करून जे दिसतं त्यापेक्षा सुरेख देखावा नदीपलीकडच्या, टेकडीवरच्या पियात्साले मिकेलांजेलो या चौकातून फुकट दिसतो. 'लोकांना उगाच दमवू नका,' असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे.

देखाव्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. घुमटावर उभं राहिलं की शहरातली सर्वांत देखणी गोष्ट, म्हणजे घुमट, तेवढी दिसत नाही. फोटोच हवा असेल तर पियात्साले मिकेलांजेलो उत्तम. जवळून हवा असेल तर कॅथेड्रलशेजारच्या जोत्तोच्या घंटामनोऱ्यावर जावं, अर्थात तिथेही ४१४ पायऱ्या आहेत.

पण मी चढा म्हणतो ते वरच्या देखाव्यासाठी नाही, त्या वाटेसाठी. ती वाट घुमटाच्या पोटातून जाते.

या कॅथेड्रलचं काम १२९६ साली सुरू झालं. पुढच्या शतकभरात भिंती उभ्या राहिल्या, पण मधोमध सुमारे ४५ मीटर रुंदीची अष्टकोनी जागा उघडीच राहिली. ती झाकायची कशी, हा प्रश्न होता. आपल्याकडे स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग देतात, तसं लाकडी सेंटरिंग तेव्हा कमानीखाली आणि घुमटाखाली देत. इथे काम सुरू व्हायचं होतं जमिनीपासून ५० मीटरहून जास्त उंचीवर. तेवढं लाकूड आणायचं कुठून आणि उभं करायचं कसं? १४१८ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की, मूळचा सोनार, म्हणाला की सेंटरिंगशिवाय बांधतो. १४२० ते १४३६ या काळात त्याने ते करून दाखवलं.

कसं केलं, हे खालून वर बघून कळत नाही. खालून फक्त व्हाझारी आणि झुक्कारी या चित्रकारांनी पुढच्या शतकात रंगवलेली चित्रं दिसतात. पण घुमट एक नाही, दोन आहेत. आतला जाड, बाहेरचा त्याहून पातळ, आणि दोघांच्या मधल्या पोकळीतून जिना वर जातो. चढताना विटा अगदी हाताशी असतात. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर उभ्या विटा घातलेल्या दिसतात. घुमट जसजसा वर जातो तसतसा प्रत्येक थर आत कलतो, आणि चुना ओला असताना वीट घसरू पाहते. त्या उभ्या विटा तिला अडवून धरतात. थर पूर्ण झाला की तो स्वतःच स्वतःला पेलतो, मग त्यावर पुढचा. खाली आधार नसताना गवंडी ज्यावर विसंबून काम करत होते, ते हे!

आणखी वर गेलात की एके ठिकाणी जाडजूड लाकडी तुळया दिसतात. घुमटाचं वजन भिंतींना बाहेर रेटतं. ते आवरायला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तशी दगडी आणि लाकडी कडी ब्रुनेलेस्कीने घुमटाभोवती आतून बसवली. शेवटच्या टप्प्यात जिना आतल्या घुमटाच्या पाठीवरूनच सरळ वर जातो. तिथे भिंत डोक्यावर झुकते, पायऱ्या उभ्या होतात आणि घुमटाची वक्रता तुमच्या पोटऱ्यांना कळते. मी स्थापत्याचा विद्यार्थी नाही, पण कमान कशी उभी राहते हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं, ते त्या जिन्यात कळलं.

आता पावित्र्याचा मुद्दा. तो मी हलका मानत नाही. पण घुमटाकडे जाणारी रांग उत्तरेच्या दारातून वेगळी जाते, आणि प्रार्थनेचं मुख्य कॅथेड्रल आजही विनातिकीट आहे. शिवाय तो जिना पर्यटकांसाठी नंतर खोदलेला नाही. बांधणाऱ्यांच्या आणि डागडुजी करणाऱ्यांच्या वावरासाठी घुमटाबरोबरच ही वाट बांधली गेली. कॅथेड्रलच्या कामाची जबाबदारी शहराच्या लोकर व्यापाऱ्यांच्या संघाकडे होती, चौकातला प्रत्येक माणूस ते काम वर्षानुवर्षं बघत होता. घुमट देवाचा होता, तसाच गावाचाही. विजापूरच्या गोल घुमटावर शाळेच्या सहलीत आपल्यातले कितीतरी जण चढले आहेत. ती तर मोहम्मद आदिलशहाची कबर आहे. तिथे बेअदबी होते ती ओरडण्याने, चढण्याने नव्हे. फ्लॉरेन्सलाही भिंतींवर नावं खरडलेली दिसतात, त्याचा मला तुमच्याइतकाच संताप येतो.

आणि वर पोचल्यावर एका गोष्टीसाठी तरी पश्चिमेकडे बघा. आर्नो नदीच्या काठाने कॅशिने बागेचा लांबलचक हिरवा पट्टा जातो. त्याच्या पार टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, कोल्हापूरच्या राजाराम महाराजांवर अंत्यसंस्कार झाले. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ते अवघे २० वर्षांचे होते. तिथे आज छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलालाही त्यांच्यावरूनच 'इंदियानो', म्हणजे 'भारतीय', म्हणतात. मराठी माणसाने फ्लॉरेन्सला जाऊन ती जागा न बघता यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

राहिल्या तुमच्या आई. गुडघे, हृदय किंवा श्वासाचा त्रास असेल, बंद जागेची भीती असेल, तर चढू नये. जिना अरुंद आहे, मध्येच परतणं कठीण. पण त्यांनी चौकात बसून राहायचीही गरज नाही. कॅथेड्रलच्या मागेच त्याचं संग्रहालय आहे, तिथे लिफ्ट आहे. घुमटाच्या जुन्या लाकडी प्रतिकृती आणि ब्रुनेलेस्कीच्या चेहऱ्याचा, मृत्यूनंतर घेतलेला साचा तिथे आहे. विटा-दगड वर चढवायला त्याने बैलांवर चालणारं यंत्र केलं होतं. बैल एकाच दिशेने फिरत राहत, ओझं मात्र वरही नेता येई आणि खालीही सोडता येई. आईंना ही गोष्ट आधी सांगा, मग त्या प्रतिकृती दाखवा. संग्रहालयाच्या वरच्या गच्चीवरून घुमट इतका जवळ दिसतो की त्याची लाल कौलं मोजावीशी वाटतात. घुमटाच्या पासात संग्रहालयही येतं. तुम्ही वर असाल तेवढा वेळ त्यांचा तिथे सहज जाईल.